या आडनावाची आणखी घरं

रोक्काव्हेर्ना,
सप्टेंबरचा शेवटचा बुधवार

प्रिय क्लोरिंदा,

परवा फोनवर तू म्हणालीस, "एर्मिनियो, हल्ली दर्शन दुर्मिळ झालंय तुझं. एखादी विधवा गाठलीस की काय?" मी हसलो, तूही हसलीस, आणि मग त्या सिस्टरने तुला जेवायला हाक मारली म्हणून मी सुटलो. तू पडलीस, कंबरेचं हाड मोडलं आणि त्या सिस्टरांच्या वृद्धाश्रमात राहायला गेलीस, त्यानंतर मी दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी न चुकता येत होतो. गेल्या दोन वर्षांत मात्र मोजून पाच वेळा आलो. प्रत्येक वेळी गुडघ्याचं निमित्त सांगितलं. गुडघा ठणठणीत आहे. काल मी वरच्या रानात चढून दोन टोपल्या चेस्टनट गोळा करून आणले. खरं कारण दुसरंच आहे आणि ते फोनवर सांगता येत नाही, कारण फोनवर तू माणसाला वाक्य पुरं करू देत नाहीस. निदान पत्रात तरी तुला मधे तोंड घालता येणार नाही.

आधी गावची खबर सांगतो, ती ऐकल्याशिवाय तुझं पुढे लक्ष लागणार नाही. आता आपण अकरा उरलोय. म्हणजे तुला धरून बारा, मी तुला अजून धरतो. पाद्रीबाबा एक रविवार आड येतात आणि दहा मिनिटांत उरकतात, गाडीचं इंजिन चालूच असतं म्हणतात लोक. पास्क्वालिनाची जीभ होती तशीच आहे. चाळीस वर्षं झाली बिचारीला लग्न होऊन इथे येऊन, तरी आपण अजून तिला परगावचीच म्हणतो. तुझं घर ठीक आहे. दर शनिवारी मी खिडक्या उघडतो, तासभर वारा खेळू देतो. छपराची दोन कौलं बदलली. जिरेनियमच्या कुंड्या मी माझ्या पायरीवर आणल्यात, तिथे ऊन जास्त वेळ असतं. तुझ्या आजोबांचा, व्हितोंचा फोटोही पुसतो मी. ते दोन कान काचेतून असे बाहेर आल्यासारखे दिसतात की पुसताना हसू येतं.

तुला ती उत्तरेकडून बदलून आलेली मास्तरीण आठवते का? पहिल्या दिवशी हजेरी घ्यायला उभी राहिली आणि म्हणाली, "पेत्रेल्ला." चौदा पोरं एकदम "हजर" म्हणाली. बाई चष्मा काढून रडकुंडीला आली. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की इथे आडनावाला काही अर्थ नाही. इथे अनोळखी पोर दिसलं की म्हाताऱ्या एकच विचारायच्या, "आ की अप्पार्तिएनी? तू कुणाची गं?" आणि उत्तरात घराचं टोपणनाव द्यायचं. मी घंटेवाल्यांचा, कारण आमच्या कुण्या पणजोबाने दारू पिऊन भलत्या वेळी देवळाची घंटा बडवून अख्खं गाव अंथरुणातून उठवलं होतं. तू सशाची, कारण तुमचा कुणी पूर्वज सैन्यात ओढून न्यायला आलेल्यांच्या हातावर तुरी देऊन डोंगरापलीकडे पळाला होता. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कागदावर कुणीच लिहून ठेवलं नाही. तुझ्या वडिलांनी मला नाही म्हटलं तेसुद्धा याच भाषेत, "घंटेवाल्यांकडे नुसता दोर आहे, जमीन कुठाय?" तू आन्तिमोची झालीस. आन्तिमो भला माणूस होता, आणि मी लग्न केलं नाही ते काही फक्त तुझ्यामुळे नाही, एवढं डोक्यात चढवून घेऊ नकोस.

तुझा निकोलाकाका आणि माझा निकोलाकाका एकाच गाडीत बसून नेपल्सच्या बंदराला गेले होते, एकोणीसशे सत्तावीसच्या वसंतात. दोघांचं नाव तेच, आडनाव तेच, दोघांकडे पुठ्ठ्याची सारखीच पेटी. हे आपण जन्मायच्या कितीतरी आधीचं, पण आपल्या लहानपणी घराघरांत असं सांगत की जणू काल गेले. अर्जेन्तिनाहून आधी पत्रं यायची, मग नाताळला एखादं, मग लढाई लागली आणि दोघांचीही बंद झाली. आमच्या घरी त्याचं नाव निघेनासं झालं. तुझे वडील मात्र रोज अकरा वाजता पायरीवर येऊन बसायचे. पोस्टमन मान हलवायचा, ते आत जायचे. त्यांना खोकल्याने धरलं तेव्हा त्यांच्या जागी तू बसायला लागलीस. दहा-अकरा वर्षांची असशील. पोस्टमन तुलाही मान हलवूनच दाखवायचा. तुला भाऊ नाही, बहीण नाही, पुढे पोटी मूलही नाही. एकदा द्राक्षं तुडवताना तू मला म्हणालीस की सशांचं घर माझ्यापाशी संपलं बघ, आणि लगेच दुसरं काहीतरी बोलायला लागलीस.

आणि तुला न्यायला गाडी आली तो दिवस. तू ड्रायव्हरला चौकातल्या भिंतीपाशी थांबायला लावलंस, जिथे मयताचे कागद चिकटवतात. कुणाचा तरी ताजा कागद होता, काळी चौकट, खाली मुलगे, सुना, नातवंडं, पुतणे, ओळीच्या ओळी. तू काच खाली करून सगळी नावं वाचलीस आणि मला म्हणालीस, "एर्मिनियो, माझ्या नावापुढे 'सशाची' एवढं टाकायला सांग, नाहीतर कुठली पेत्रेल्ला गेली ते कळायचं नाही. खाली लिहायला कुणी नाही, तेवढीच शाई वाचली." ड्रायव्हर हसला. मला हसू आलं नाही. घरी येऊन मी माझ्याही कागदाचा विचार केला, क्लोरिंदा. त्या दिवसापासून तो विचार डोक्यातून गेला नाही. माझ्याही नावाखाली सगळं कोरंच.

आता ऐक. दोन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. मी बंद पडलेल्या बारसमोरच्या बाकावर शेंगा सोलत बसलो होतो. पांढरी भाड्याची गाडी आली, तीन माणसं उतरली. पन्नाशीचा बाप, त्याची बायको आणि पंचविशीची मुलगी. मुलीच्या हातात प्लास्टिकच्या कव्हरात घातलेले कागद. ती माझ्यासमोर पाय जुळवून उभी राहिली आणि पाठ केलेली कविता म्हणावी तशी म्हणाली, "नमस्कार, महोदय. आम्ही फार दुरून आलो आहोत. आम्ही आपल्याला किंचित त्रास देऊ शकतो का?" मला उभ्या आयुष्यात करखात्याच्या नोटिशीशिवाय कुणी महोदय म्हटलेलं नाही. मी म्हटलं, "दे पोरी, खुशाल दे. त्रास द्यायलासुद्धा इथे कुणी उरलं नाही." तिला ते कळलं नाही. तिने कागदात पाहिलं. तिकडे अर्जेन्तिनात, रोसारिओत, कुणी बाई आहेत, मूळ गाव शोधायला निघालेल्यांना इटालियन शिकवतात, त्यांनी हे प्रश्न लिहून दिले होते, प्रत्येकाखाली उत्तरासाठी रिकामी ओळ. "आपलं कुटुंब मूळचं याच गावचं आहे का?" मी म्हटलं, देव इथे राहायला आला त्याच्या आधीपासून. तिने लिहिलं, होय. "आपलं आडनाव सांगण्याची कृपा कराल का?" मी सांगितलं. आईने छातीवर क्रूसाची खूण केली आणि बापाने डोक्यावरची टोपी काढली. त्याला कागदाची वाट बघवेना. आपली छाती बडवत म्हणाला, "आजोबा! निकोला पेत्रेल्ला! एकोणीसशे सत्तावीस!"

आमच्याकडे निकोला होता आणि सत्तावीस साली गेला होता, हे खोटं नाही. मी तेवढंच बोललो आणि ते तिघं माझ्या गळ्यात पडले, रडायला लागले, मला दोन्ही गालांवर मुके दिले. शेंगा सगळ्या खाली सांडल्या. त्या वेळी माझ्या मनात कपट नव्हतं, शपथेवर सांगतो. ते माझे असू शकत होते. निम्म्याने शक्यता होती. पोरगी मात्र त्या रोसारिओच्या बाईंच्या हुकमाची, तिने डोळे पुसले आणि तिसरा प्रश्न वाचला, "या आडनावाची आणखी घरं गावात आहेत का?" माझ्यासमोर वीस पावलांवर तुझं दार होतं. कुलपाची किल्ली माझ्या खिशात होती. मी म्हटलं, नाही, आता आमचंच तेवढं उरलं. जीभ आधी वळली आणि डोकं मागाहून जागं झालं. तिने त्या ओळीवर 'नाही' असं लिहिलं, छान गोल अक्षरात.

मी त्यांना घरी नेलं. चुलीवर टोमॅटोचा रस्सा ठेवला, कणीक मळली. ग्रासिएला, म्हणजे आई, माझ्या शेजारी उभी राहून कावातेल्लीचे ते कणकेचे छोटे शंख बोटाने दाबायला शिकली. तिचे सगळे चपटे झाले आणि आम्ही खूप हसलो. माझ्या घरात इतका आवाज किती वर्षांनी झाला कोण जाणे. जेवताना मिकाएलाने, त्या मुलीने, शेवटचं पान काढलं, "आपल्या घराण्याला गावात कोणत्या नावाने ओळखत?" मी म्हटलं, घंटेवाले. तिने बापाकडे पाहिलं. नोर्बेर्तोने खांदे उडवले, घरात घंटेचं कधी ऐकलं नाही म्हणाला. मग ती मला फोनवर त्यांचं घर दाखवायला लागली. अंगण, मागे लिंबाचं झाड, झाडाखाली एक ढब्बू पिवळा कुत्रा. मी सहज विचारलं, नाव काय याचं? नोर्बेर्तो हसून म्हणाला, "ससा! कुत्र्याला ससा, आहे की नाही वेडेपणा? आमच्याकडे सगळ्या कुत्र्यांचं हेच नाव. माझ्या आजोबांनी सुरू केलं. म्हणायचे, या नावाचं कुणीतरी घरात असेपर्यंत आपण तिकडचेच. काय अर्थ त्याचा, त्यांनाच ठाऊक!" तो शब्द त्याने स्पॅनिशमध्ये उच्चारला नाही, क्लोरिंदा. आपल्या बोलीत उच्चारला, तुझे वडील म्हणायचे तसा, शेवटचं अक्षर गिळून. ती तिघं हसत होती. मी पाण्याचा जग भरायला म्हणून उठलो आणि नळापाशी उभा राहिलो. मग वळून त्याच्याकडे नीट पाहिलं आणि ते कान दिसले. इतका वेळ मला ते कसे दिसले नव्हते, देव जाणे.

तिथे, त्या नळापाशी, मला बोलता आलं असतं. एक वाक्य लागलं असतं. तू तेव्हा खाली शहरात कंबरेला पट्टा बांधून भिंतीकडे तोंड करून पडली होतीस, आणि मी जग भरून टेबलावर ठेवला आणि त्यांना आणखी वाढलं. का, म्हणून विचारशील. ते मला एर्मिनियोकाका म्हणायला लागले होते. दुसरं कारण नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना कबरी बघायच्या होत्या. मी त्यांना आमच्या कार्मिनेआजोबांच्या दगडापाशी नेलं. ज्याने जन्मात कुणाच्या पोराला एक अक्रोड दिला नाही तो कार्मिने. ग्रासिएलाने खालच्या गावातून मुद्दाम पांढरी शेवंती आणली होती, सगळी त्याच्यापुढे ठेवली. नोर्बेर्तो गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "पणजोबा, आम्ही आलो. उशीर झाला, पण आलो." दहा पावलांवर तुझ्या व्हितोआजोबांची कबर होती, दगडावर त्यांचा फोटो, ते कान. मी त्यांच्या आणि त्या कबरीच्या मधे चालत होतो, कोट पसरून, वारा सुटल्याचं सोंग करत. परत येताना मागच्या पायवाटेने आणलं. वाट चिखलाची होती, ग्रासिएलाचे बूट खराब झाले. ती म्हणाली, काही हरकत नाही, आपल्याच मातीचा चिखल आहे. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पण खोटं कशाला बोलू, मला आनंदही झाला होता. दोन्ही एकाच वेळी झालं.

ते गेले आणि मग रविवार सुरू झाले. दुपारी तीनला फोन वाजतो, तिकडे तेव्हा सकाळचे दहा असतात. मिकाएलाने मला पडद्यावर बघून बोलायला शिकवलं. पहिले दोन महिने मी त्यांना फक्त माझा कानच दाखवत होतो. आता शनिवारी दाढी करतो. पास्क्वालिना म्हणते, "म्हातारपणी नातवंडं उगवली रे तुला, मेल्या! बटाट्यासारखी!" कागदपत्रांचं काम असतं तर मी आठवड्याभरात पकडला गेलो असतो, पण त्यांना पासपोर्ट वगैरे काही नको होता. त्यांना फक्त माणूस हवा होता. गावात जे चारजण खरं ओळखतील ते आता ऐकू न येणारे किंवा स्वतःचंच नाव विसरलेले आहेत. सशाचं आणि घंटेचं नीट ठाऊक असलेली शुद्धीवरची माणसं दोनच, तू आणि मी. म्हणून मी तुझ्याकडे यायचं टाळलं. तुला मी फोनवर सांगितलं होतं की माझ्या निकोलाकाकाची माणसं सापडली. मग म्हणालीस, "तुझं नशीब फळफळलं, एर्मिनियो. आता आमच्या निकोलाचंही कुणी येईल एखाद्या दिवशी. सांग हं मला." मी म्हटलं, सांगेन. त्यानंतर तू दर फोनला विचारत होतीस, कशी आहेत तुझी माणसं, पोरीचं लग्न झालं का, तिकडे पाऊस पडला का. स्वतःच्या माणसांची खुशाली तू माझी म्हणून विचारत राहिलीस, आणि मी सांगत राहिलो.

गेल्या शुक्रवारी ते पुन्हा आलेत. मिकाएलाचं लग्न झालं हे तुला ठाऊकच आहे, आता तिला पाचवा महिना आहे. नवऱ्याला रजा मिळाली नाही, पण नंतर येता येणार नाही म्हणून ती आईबापांबरोबर हट्टाने आली. रविवारी जेवण झाल्यावर तिने टेबलावर ग्लास वाजवला आणि उभी राहिली. या खेपेला तिच्या हातात कागद नव्हता, भाषा चांगली आली आहे तिला. म्हणाली, "मुलगा झाला तर कार्मिने. पणजोबांच्या वडिलांचं नाव घरात परत आलं पाहिजे, इथली रीतच आहे ना काका?" रीत आहेच. मग ती माझ्या जवळ आली, माझा हात धरून पोटावर ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही पहिली हाक मारा. म्हणजे त्याला ओळख पटेल." सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मला हाक मारता आली नाही, क्लोरिंदा. दोन वर्षं मी सराईतासारखं खोटं बोलत आलो, पण ते नाव मला घेववेना. मोठ्या माणसांची फसवणूक केली ते वेगळं, उद्या कळलं तर ते शिव्या देऊन मोकळे होतील. पण जे अजून जन्मलंही नाही ते पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आयुष्यभर माझ्या कंजूष आजोबाचं नाव घेऊन फिरणार, आणि व्हितोंचं नाव कुणी घेणार नाही. मी म्हातारा झालो, भावना अनावर झाल्या असं त्यांना वाटलं. ग्रासिएलाने मला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्या खिडक्या उघडत होतो. शनिवार नव्हता, पण घरात बसवेना. मिकाएला मागे येऊन उंबऱ्यात उभी राहिली. आत आली नाही, पोरीला वळण आहे. विचारलं, "हे कुणाचं घर?" मी पाठमोराच होतो. म्हटलं, "एका म्हातारीचं. खाली शहरात असते, सिस्टरांकडे. तिचं कुणी नाही." तुझ्या उंबऱ्यात, तुझ्याच रक्ताच्या पोरीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "बिचारी. मग आपण जाऊ या ना तिला भेटायला? गुरुवारी? मी तिच्यासाठी काहीतरी गोड करते." मी खिडकीची कडी लावायला बराच वेळ घेतला. म्हटलं, जाऊ या.

माझ्या निकोलाचं कुणी नाही. असतं तर शंभर वर्षांत एखादं तरी दार वाजलं असतं. हे मला बहुतेक आधीपासून ठाऊक होतं. तुझ्याकडे निदान खरंच कुणी होतं, समुद्रापलीकडे चार पिढ्या कुत्र्यांना हाका मारत बसलेलं, आणि ते येऊन पोचलं तर मी वाटेतच धरून ठेवलं. माफ कर असं लिहिणार नाही. तू माफ करायची घाई करशील आणि मग मनात धुमसत राहशील, मी तुला ओळखतो. त्यापेक्षा रागाव. मनसोक्त रागाव. तुझे दिवसच्या दिवस मी खाल्ले आहेत, एक नाही, सातशेच्या वर. तुझ्या वडिलांनी नकार दिला त्या दिवसानंतर मला इतकं घाबरल्यासारखं कधी झालं नव्हतं.

हे पत्र तुला ज्या मुलीने दिलं ती मिकाएला. तिच्यामागे हातात गोड बिस्किटांचा डबा घेऊन उभी आहे ती ग्रासिएला, आणि टोपी हातात घेतलेला तो नोर्बेर्तो, तुझ्या सख्ख्या चुलत्याचा नातू. चष्मा लावला असशील तर त्याचे कान बघ. त्यांना अजून काहीच माहीत नाही. माझ्या एका एकट्या शेजारणीला भेटायला आलो आहोत असंच त्यांना वाटतंय. तीन दिवस मी प्रयत्न केला, तोंड उघडलं की कुणीतरी मला काका म्हणायचं आणि मी गप्प बसायचो. म्हणून सांगायचं काम तुझ्यावर टाकतो आहे, आणि हाही माझा भ्याडपणाच आहे. सावकाश सांग, पोरीला बसायला खुर्ची दे, आणि माझ्याबद्दल जे सांगायचं ते सांग, काही राखून ठेवू नकोस. मी वर येणार नाही. फाटकाबाहेर औषधाच्या दुकानासमोर बाक आहे, तिथे बसलेला असेन. त्यांनी जाताना मला गाडीत घेतलं तर जाईन त्यांच्याबरोबर. नाही घेतलं तर त्यांना काही म्हणू नकोस. गावाकडची बस चार वाजून दहा मिनिटांनी सुटते.

तुझाच,
एर्मिनियो